गाडीतला वास

"आजोबा, तुमच्या गाडीत काहीतरी मेलंय," असं म्हणून इराने नाक चिमटीत धरलं आणि मी गाडी सुरू करून एसी लावतोय तोवर ती दार उघडून खाली उतरली. माझी नात. दर रविवारी बदलापूरच्या शिरगावहून आईबापांबरोबर आली की आधी माझ्या गाडीत बसणारी, शिवमंदिरापर्यंत एक चक्कर मारल्याशिवाय जेवायला न येणारी. ती उतरली याचं मला काही नाही, पोरांचं काय, आज हे उद्या ते. पण ती उतरली आणि पार्किंगच्या खांबाशी उभ्या असलेल्या पुष्करने उमाकडे पाहिलं, उमाने पुष्करकडे पाहिलं. माझा मुलगा आणि माझी बायको. गाडी बसकी असल्यामुळे मला त्यांचे चेहरे खालून दिसत होते, आणि खालून पाहिलं की माणूस जास्त खरा दिसतो असा माझा अनुभव आहे. ती नजर आधी बोलणं झाल्यासारखी होती. मी एसी वाढवला आणि खोल श्वास घेतला. काही नाही. गार हवा, बस. "कसला वास? मला तर काही येत नाही," मी म्हणालो. पुष्कर खिडकीशी वाकला, लगेच मागे सरला आणि म्हणाला, "बाबा, येतोय. खूप येतोय." तो 'खूप' ज्या तऱ्हेने म्हणाला त्यावरून मी ओळखलं की पोरीला हे शिकवून आणलेलं आहे.

मी उगाच कोणावर आळ घेत नाही. पुष्करच्या मनात काय चाललंय ते मला दिवाळीपासून माहीत आहे. शिरगावला त्याच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक छोटा फ्लॅट रिकामा आहे, आणि आम्ही दोघांनी अंबरनाथचं घर बंद करून तिथे जावं अशी त्याची इच्छा आहे. तो इच्छा म्हणतो, मी कट म्हणतो. "आई थकलीये बाबा, जरा तिच्याकडे बघा ना." मी बघतो की, रोज बघतो. दोन माणसांचा संसार, भांड्यांना बाई, पोळ्यांना बाई, थकायला काय झालं? मग सूनबाईंनी, राजसीने, तीच टेप लावली, आणि दोघं हळूच गाडीवर आले. त्या खालच्या फ्लॅटला पार्किंग नाही, पुष्करच्या जागेत त्याची गाडी असतेच, ही काढून टाकू या, नाहीतरी दोनच सीट, हिचा उपयोग काय. माणूस निवृत्त झाला की लोक घरातल्या एकेका वस्तूचा उपयोग विचारायला लागतात, आणि ही यादी कोणापाशी येऊन थांबणार ते मला न सांगता कळतं. ही गाडी मी निवृत्तीनंतर उल्हासनगरच्या एका फर्निचरवाल्या शेठकडून घेतली. त्याचा मुलगा दुबईला गेला आणि ही दुकानामागे ताडपत्रीखाली पडून होती. लाल, दोन दारांची, स्पोर्ट्स कार म्हणतात तसली. बसताना आधी बूड टेकवायचं, मग पाय आत घ्यायचे. उमा पहिल्यांदा बसली तेव्हा म्हणाली, "ही गाडी आहे का जेवायचा पाट?" आणि आम्ही दोघं पार काटई नाक्यापर्यंत हसत गेलो होतो. सोसायटीत म्हातारचळ म्हणाले. म्हणोत बापडे. मी कंपनीत नवा असताना प्लांट सुरू करून द्यायला एक जर्मन आला होता, त्याच्या पाकिटात बायकोऐवजी अशा गाडीचा फोटो होता, आणि मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं. आयुष्यात मी निव्वळ स्वतःसाठी घेतलेली ही एकच वस्तू. ती गेली, घर गेलं, आणि त्या खालच्या फ्लॅटमध्ये वरून कोणी डबा घेऊन येतंय का म्हणून मी दाराकडे बघत बसलोय, हे डोळ्यांपुढे आलं की मला भीती वाटते. राग नंतर येतो, आधी भीतीच वाटते.

आणि वासाचं कोणी मला सांगावं? मला, विष्णुपंतांना? इथल्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत मी जन्म काढला. मोजायची यंत्रं नंतर आली, त्याआधी मी होतो. कुठल्या टाकीचं झाकण नीट बसलं नाही, कुठला पंप गळतोय, हे मी जिन्याच्या पायथ्याशी उभा राहून सांगायचो. नायट्रोबेन्झीन कडू बदामाच्या अंगाने जातं, अ‍ॅनिलीन शिळ्या मासळीच्या, आणि सल्फाइड म्हणजे नासलेलं अंडं, ते तर शेंबडं पोरही ओळखेल. कामगार माझ्या पाठीमागे मला 'नाक' म्हणायचे. "नाक आलं रे" असं कोणी पुटपुटलं की तंबाखू मळणारे हात सरळ व्हायचे. एकदा गेटवर मी मॅनेजरशी बोलत उभा होतो आणि मधेच म्हणालो, सल्फाइडच्या लाइनवरची माणसं बाहेर काढा. तो हसला. मी हसलो नाही. तिथून ज्याला उचलून आणला तो आण्णा, सोनिवलीकडचा, शेती सांभाळून पाळीवर येणारा. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "साहेब, तुमच्या नाकामुलं मी जिता हाय." तेव्हापासून दर वर्षी भात झोडून झालं की नव्या तांदळाची एक पिशवी माझ्याकडे येते. शिजायला लागला की जिन्यापर्यंत वास जायचा. जायचा म्हणतो, कारण गेल्या खेपेच्या तांदळाला वास नव्हता. आण्णासारखा माणूस, त्यानेही शेवटी रेशनचा तांदूळ पिशवीत भरला. मी त्याला काही बोललो नाही, पण मनातून उतरला तो.

एकटा आण्णाच कशाला? हल्ली कशालाच काही राहिलेलं नाही. हिंग म्हणून पीठ विकतात. मोगरा हायब्रिड, पाकळ्या मोठ्या आणि आत नुसतं पाणी. उदबत्ती म्हणजे लाकडाचा भुसा. कोथिंबीर वालधुनी नदीच्या घाण पाण्यावर काढतात, तिला कसला स्वाद येणार. हे सगळं मला एका बाजूने कळत होतं, भेसळीचा जमाना आहे, पण घरातही तेच सुरू झालं तेव्हा मी सावध झालो. उमाच्या हातची आमटी, जिच्यासाठी मी कंपनीच्या कँटीनचं जेवण सोडून दुपारी घरी यायचो, ती नुसतं तिखट-खारट पाणी लागायला लागली. मी एकदा वाटी सरकवून विचारलं, "डॉक्टरने सांगितलं का पुष्करने?" ती म्हणाली, "काय?" "मसाला कमी कर म्हणून." तिने लोणच्याची बरणी पुढे केली. माणूस निरपराध असला की चिडतो, उलट बोलतो. बरणी पुढे करत नाही. आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर कहरच. दुसऱ्या मजल्यावरचा नरेंद्र संध्याकाळी लिहिणार, आज परत गॅस सोडलाय, डोळे चुरचुरतायत, खिडक्या लावा. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग. मी गॅलरीत उभा राहून छातीभर हवा घेतो आणि लिहितो, मी इथेच उभा आहे, कसलाही वास नाही, कंपन्या बंद पडल्या तर तुमचीच पोरं घरी बसतील. एक काळ होता, यायचा वास, मी नाही म्हणत नाही. पण आता तो थांबलाय, आणि थांबला तरी यांची ओरड थांबत नाही म्हणजे यांना कोणीतरी फूस लावलीय. उमाही त्यांच्यातली. नरेंद्रचा मेसेज येण्याआधीच ही उठून खिडक्या लावायला लागते. आधी कसं कळतं हिला?

उमाबद्दल मला काय वाटत होतं ते सांगताना जीभ अडखळते, पण वाटत होतं हे खरं. गेलं वर्षभर ती माझ्या मागावर होती. दुपारचा चहा मी स्वतः करतो, ती सवय कंपनीतली. मी कप घेऊन बाहेर आलो की ही लगेच आत. काहीतरी उचलल्याचा आवाज नाही, नळाचा आवाज नाही, नुसती जाऊन उभी राहते आणि येते. आधी वाटलं बिस्किटं मोजते, मला साखर आहे म्हणून. मी एक दिवस पुडा फोडला नाही तरी ती गेलीच. माझा शर्ट धुवायला टाकण्याआधी ती हुंगते. या वयात बायको नवऱ्याचा शर्ट हुंगायला लागली तर नवऱ्याने काय समजावं? मी दोन दिवस मनातल्या मनात हसलो आणि तिसऱ्या दिवशी मला वाईट वाटलं. माझी अत्तराची बाटली कपाटातून नाहीशी झाली, मी भांडीवालीवर संशय घेतला, आणि ती उमाच्या साड्यांखाली निघाली. दूध माझ्यापुढे ठेवण्याआधी पेला नाकाशी नेते. सोनिवलीला नव्या कॉम्प्लेक्समध्ये तिची बहीण अंजनी राहते. पूर्वी महिन्याकाठी तिच्याकडे राहायला जायची, दोघी रात्रभर बोलत बसायच्या, परतताना चेहरा उजळलेला असायचा. ते बंद झालं. अंजनी फोनवर रडकुंडीला येते, ये ना गं, आणि ही म्हणते, बघू, इकडे जमत नाही. इकडे काय आहे न जमण्यासारखं? असं कोणतं धन इथे पुरलंय की ही घर सोडून हलत नाही? माझी पक्की खात्री होत चालली होती की ती पुष्करसाठी माझ्यावर नजर ठेवून आहे, म्हातारा कुठे चुकतो ते टिपून ठेवते आहे, आणि पुरेसं साठलं की एक दिवस दोघं मिळून माझ्यापुढे मांडतील. शेजारी झोपणाऱ्या माणसाबद्दल असं वाटणं फार वाईट असतं. झोप लागत नाही.

त्या रविवारी जेवताना पुष्कर म्हणाला, "बाबा, केबिन फिल्टर असतो गाडीत. एसीची हवा त्यातून गाळून आत येते. तो बदलायला झाला असेल. बदलापूरला माझ्या ओळखीचा गॅरेजवाला आहे, मी गाडी घेऊन जातो." आलं लक्षात? मी घेऊन जातो. गेलेली गाडी परत येताना तिच्यात आणखी काय काय बिघाड निघणार तेही मला दिसलं. मी म्हणालो, "मी बदलतो. माझ्या हाताने." पुन्हा त्या दोघांची नजरानजर झाली. मी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, फार काही नसतं त्यात, आणि मंगळवारी फिल्टर आणायला उल्हासनगरला गेलो. कॅम्प तीनमध्ये स्पेअर पार्टच्या दुकानात गल्ल्यावर किर्ती बसते. सासऱ्याचं दुकान, पण चालवते तीच, कोणत्याही गाडीचा कोणताही भाग ती आठवणीतून सांगते असं आमच्या पार्किंगमधले गाडीवाले म्हणतात. उल्हासनगरात ज्याची नक्कल बनत नाही असं जगात काही नाही, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून उभा होतो. तिने विचारलं, "अंकल, बास कैसी आती है? गीले कपडे जैसी, के सडी हुई?" मी म्हणालो, "जैसी आती है वैसी." "नहीं, चूहे का मामला होगा तो खाली फिल्टर से नहीं जायेगा, अंदर साफ करना पडेगा, इसलिये पूछा." काहीतरी सांगायचं म्हणून मी सांगितलं, धूळ, धुळीचा वास. मग तिने दोन डबे उघडून काउंटरवर ठेवले, एक ओरिजिनल, एक स्वस्तातला. "सूंघ के देखो. सस्तेवाले में गोंद की बास आयेगी. ओरिजिनल में कोयला है, कुछ नहीं आयेगा." मी दोन्ही नाकाला लावले. दोन्ही सारखे. दोन्ही ओरिजिनल तर असू शकत नाहीत, म्हणजे ही बाई मला एकाच मालाचे दोन भाव सांगत होती. मी हसून म्हणालो, "बेटा, मी केमिकलवाला आहे. मला दोन्हीत फरक दिसत नाही." ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, आणि एकदम मऊ आवाजात म्हणाली, "ये वाला लो अंकल, मेरी मानो." ती ज्याच्यावर बोट ठेवून होती तो मी घेतला नाही. दुसरा घेतला.

शनिवारी सकाळी मी पार्किंगमध्ये कामाला लागलो. उमा न बोलावता खाली आली, हातात जुनी वर्तमानपत्रं, पाण्याची बादली, साबण. म्हणाली, "थांबते हाताखाली." मी म्हणालो, "थांब." थांबू दे, साक्षीदार हवाच होता, फिल्टरमध्ये काही नाही हे तिनेच पुष्करला सांगितलं असतं. मी डाव्या सीटवर बसून समोरचा कप्पा रिकामा केला, दोन्ही बाजूंनी आत दाबला, तसा तो खाली लोंबला. मागे एक आडवी काळी पट्टी, तिला दोन खिट्ट्या. पट्टी काढली आणि फिल्टरची कड बोटांना लागली. ओढला, येईना. काहीतरी अडत होतं. जरा हलवून जोरात ओढला आणि तो माझ्या मांडीवर आला. पांढरा असायला हवा तो काळपट पडला होता, आणि त्याच्यावर घरटं होतं. नारळाचा काथ्या, सीटचा कुरतडलेला स्पंज, आणि देवाच्या वातींचा कापूस, तो आमच्याच घरातला असणार. त्या मऊ बिछान्यात एक उंदीर मरून फुगला होता, ओला झाला होता, आणि त्याच्या पोटापाशी पांढरं काहीतरी वळवळत होतं.

मागे उमाला ओकारी आल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिलं तर ती खांबाला धरून वाकली होती, पदराचा बोळा नाकातोंडावर. वर दुसऱ्या मजल्यावर खिडकी धाडकन बंद झाली, परत उघडली, आणि नरेंद्रचा आवाज आला, "अहो विष्णुपंत, काय मेलंय खाली? लवकर उचला ना." समोरच्या बाकावर बसलेले दोघे उठून गेटकडे गेले. मी मांडीवर ते घेऊन बसलो होतो. मग मी ते दोन्ही हातांनी उचललं, तोंडाजवळ आणलं, आणि श्वास घेतला. काही नाही. मोठा घेतला. काही नाही. डोळ्यांना अळ्या दिसत होत्या आणि नाकात सकाळची गार, स्वच्छ हवा जात होती. मी एकदा डावी नाकपुडी बंद करून पाहिली, एकदा उजवी. सोमवारी सकाळी नव्या पोरांचा सुरक्षेचा तास मी घ्यायचो. फळ्यावर पहिलं वाक्य माझं ठरलेलं असायचं, आणि ते मी त्यांच्याकडून मोठ्यांदा म्हणवून घ्यायचो, सगळ्या बॅचकडून, आण्णाच्याही: वास यायचा थांबला म्हणजे गॅस गेला असं समजू नका, आधी नाक जातं. ज्याला हे सांगता येत नसे त्याला मी प्लांटमध्ये पाऊल टाकू देत नव्हतो. मी गाडीत बसून ते वाक्य आठवलं. हिंग, मोगरा, आण्णाचा तांदूळ, आमटी, गॅलरीतली संध्याकाळ, एकेक करून सगळे माझ्याकडे तोंड करून उभे राहिले.

आणि मग उमाने जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. माझं तोंड बघून तिला काय कळलं कोण जाणे. तिने पदर खाली घेतला. सरळ उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं, गळ्याची शीर ताठ झाली होती, श्वास धरून ठेवलाय हे मला तिच्या खांद्यांवरून दिसत होतं, आणि तशा अवस्थेत ती म्हणाली, "एवढा काही नाही हो. थोडासाच आहे." वर्षभर मी तिला खोटं बोलताना पकडायची वाट बघत होतो. पकडली ती अशी.

मी ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून खाली ठेवलं. "कधीपासून?" मी विचारलं. "काय कधीपासून?" ती म्हणाली, पण तिला पुढे रेटता आलं नाही. ती दाराशी जमिनीवरच बसली, बसक्या गाडीमुळे आमचे चेहरे समोरासमोर आले. "गेल्या गणपतीत," ती म्हणाली. "मी आरतीला खाली गेले होते. दूध उतू जाऊन गॅस विझला होता, बटण चालूच. वर आले तर घर गॅसने भरलेलं, आणि तुम्ही ओट्याशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होतात. मला म्हणालात, आलीस का, प्रसाद आण." मला तो प्रसाद आठवला. "बोलली का नाहीस?" "कसं बोलू?" ती म्हणाली. "कंपनीत तुम्हाला नाक म्हणायचे ना." मला तिचा राग आला. खरंच आला, तिनेच माझं नाक चोरून पदरात बांधल्यासारखा आला. एक माणूस मला न सांगता वर्षभर माझ्यासाठी हुंगत फिरतोय, गॅसचं बटण, दूध, घामाचा शर्ट, भसाभसा मारलेलं अत्तर, संध्याकाळची हवा, आणि मी त्याला हेर म्हणतो. राग गेल्यावर मग लाज आली, आणि ती अजून गेलेली नाही. "पुष्करला माहीत आहे?" मी विचारलं. तिने मानेनेच नाही म्हटलं. "त्याला वाटतं मी नुसतीच थकलेय. नका सांगू त्याला. लगेच घर बंद करायला लावेल, गाडीही जाईल. मी आहे ना." ती नजरानजर, जिच्यावर मी एवढा महाल बांधला होता, ती एवढीच होती. त्याला आईची काळजी, आणि आईला धाक की याला कळू नये.

कप्प्यामागची पोकळी मी ओल्या फडक्याने पुसून काढली, किर्ती म्हणाली होती तशी. नवा फिल्टर बसवताना त्याच्यावरचा हवेचा बाण खाली आहे ना ते पाहिलं, पट्टी लावली, कप्पा चढवला. हे सगळं हात आपोआप करत होते. मग उमाने बादलीतून तांब्याने पाणी ओतलं आणि मी साबण चोळला. धुऊन झाल्यावर मी हात तिच्यापुढे केले. तिने माझे तळवे नाकाशी नेले, आणि मी वाट बघत राहिलो. "अजून येतोय," ती म्हणाली. मी पुन्हा साबण घेतला. तेव्हा मला जाणवलं की आता असंच. दूध नासलंय का, शर्ट चालेल का, काही जळतंय का, जे ती म्हणेल ते. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरही विश्वास न ठेवणारा माणूस मी, आणि आता मला पडताळून पाहायला दुसरं काही उरलं नाही. ती एकदा 'थोडासाच' म्हणाली होती. पुन्हा म्हणाली तर मला कसं कळणार?

दुसऱ्या दिवशी पुष्करला फोन करून सांगितलं, तुम्ही येऊ नका, आम्हीच शिरगावला येतो. उमा गाडीत बसली, आधी बूड, मग पाय. आता गुडघे तिला साथ देत नाहीत, दाराला धरून बसली. काचा उघड्या होत्या. एमआयडीसीचा रस्ता लागला, चिमण्या दिसायला लागल्या, रविवार असूनही दोन-तीन ठिकाणी वाफ उठत होती. मी रस्त्याकडे कमी आणि तिच्या हाताकडे जास्त बघत होतो. तिचा हात काचेच्या बटणाकडे गेला, मधेच थांबला, आणि मांडीवर परत आला. मी विचारलं, "येतोय?" ती बाहेर बघत राहिली. "उमा, खरं सांग." "येतोय," ती म्हणाली. "आज जास्तच आहे. डोळ्यांना झोंबतोय." मी माझ्या बाजूने दोन्ही काचा वर घेतल्या आणि एसी लावला. चिखलोली मागे पडली. मग मी विचारलं, "आणि गाडीत? गाडीत कसला येतोय?" तिने नाक जरा वर केलं. तिला असं उघड हुंगताना मी किती दिवसांनी पाहत होतो. "गोंदाचा," ती म्हणाली. "पाकिटं चिकटवायचा गोंद असतो ना, तसा." मला किर्तीचं डब्यावर टेकलेलं बोट दिसलं आणि मी हसायला लागलो. उमाने विचारलं काय झालं, मी तिला दुकानातली सगळी गोष्ट सांगितली, आणि तीही हसली. काटई नाक्याच्या त्या पहिल्या दिवसानंतर या गाडीत आम्ही असे हसलो नव्हतो. मला ते घर नको होतं, तो खालचा फ्लॅट. अजूनही नको आहे. पण हसताना मी तिच्याकडे नीट पाहिलं. पुष्कर दिवाळीपासून बघा बघा म्हणत होता ते मला दिसलं, गालफडं बसली होती, डोळ्यांखाली काळं आलं होतं. वर्षभर ती गाढ झोपली नसणार.

शिरगावला गाडी लावली तेव्हा ते तिघं खालीच उभे होते. इरा दोन पावलं लांब राहून विचारत होती, "गेला का? आजोबा, गेला का?" पुष्कर खिडकीशी वाकला. "काय बाबा, गेला का वास?" मी नुसतं हो म्हटलं असतं तर झालं असतं. उमाने माझ्या मनगटावर हात ठेवला होता, नको असं सांगणारा. गप्प राहिलो तर घर राहणार आणि बोललो तर तिला अंजनीकडे जाता येणार, हे मला स्पष्ट दिसत होतं, आणि दोन्ही एकदम मिळणार नाहीत हेही. "उंदराचा गेला असेल," मी म्हणालो. "आता गोंदाचा येतोय म्हणे. मला विचारू नकोस, तुझ्या आईला विचार. मला वास येत नाही. वर्ष झालं, मला कशाचाच वास येत नाही."

पुष्करने उमाकडे पाहिलं. उमा त्याच्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या काचेतून कुठेतरी बघत होती, हात अजून माझ्या मनगटावर. तो काही विचारणार तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "मग मी जरा अंजनीकडे जाऊन येऊ का? राहायला?"